वसईची सहल तिथी पाहून निघावी

मुंबईहून वसई-विरारला येणाऱ्या एक दिवसाच्या सहलींचा साचा आता ठरून गेला आहे. सकाळची लोकल, वसई रोडहून बस किंवा रिक्षा, दहाच्या सुमारास किल्ला. चिमाजी अप्पांचा पुतळा, नागेश्वराचे मंदिर, सेंट जोसेफचा मनोरा आणि शेवटी दर्यादरवाजा. दुपारी अर्नाळा-राजोडीकडच्या एखाद्या रिसॉर्टमध्ये जेवण, मग वाळूवर फोटो आणि संध्याकाळी विरार लोकल. जाहिरातीत याला ‘ऐतिहासिक कोळीवाड्यांची सफर’ म्हणतात. कोळीवाडा त्यात रिक्षातून दिसतो तेवढाच.

किल्ल्याचा भाग उत्तम होतो, हे मान्य केले पाहिजे. ही जागा पाहावी अशीच आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षे त्यांच्या उत्तर प्रांताचा कारभार इथून चालला. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही वसईतच. जपानमध्ये नागासाकीला १५९७ साली क्रूसावर मारले गेलेले संत गोन्सालो गार्सिया वसईचे. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझुस चर्चच्या दर्शनी भागाचा काळा दगड इथून गेला. इथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या, त्या भीमाशंकरला, मेणवलीला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आजही पाहता येतात. तरुण पर्यटकांना यातले काहीच ठाऊक नसले तरी ‘कोल्डप्ले’च्या गाण्यातले अवशेष इथलेच, हे ठाऊक असते. तीही एक सुरुवातच म्हणायची.

पण ही सगळी गोष्ट आलेल्यांची आणि गेलेल्यांची आहे. गुजरातचा सुलतान गेला, पोर्तुगीज गेले, पेशवे गेले, इंग्रज गेले. दर्यादरवाजातून बाहेर पडल्यावर जी वस्ती लागते, ती किल्लाबंदर आणि पुढची पाचूबंदर, ती मात्र नांदती आहे. तिथून बोटी निघतात, तिथे मासळी उतरते. सहलीचा कार्यक्रम नेमका त्या दारापाशी संपतो.

दोष वाटाड्यांचा नाही, वेळापत्रकाचा आहे. सहल ऑफिसच्या वेळेनुसार आखली जाते आणि बंदर भरती-ओहोटीवर चालते. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणपट करायचे. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या. दर रविवारी सकाळी दहाला किल्ल्यावर हजर होणाऱ्या सहलीला बोट लागताना दिसली, तर तो योगायोगच.

आणि ते दिसणे महत्त्वाचे आहे, कारण वसईच्या मासेमारीची रीतच भरतीच्या प्रवाहावर बेतलेली आहे. इथले खास जाळे म्हणजे डोल. भल्यामोठ्या निमुळत्या पिशवीसारखे हे जाळे समुद्रात एका जागी रोवून ठेवतात. बोट माशाच्या मागे धावत नाही, पाण्याचा ओढाच मासळी जाळ्यात आणतो. म्हणून पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात, ओढ जोरात असताना, काम जोरात चालते आणि भांगाच्या, म्हणजे ओढ कमी असतानाच्या, दिवसांत मंदावते. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली ही डोलीची मासळी. हे जाळे रोवण्याला कव मारणे म्हणतात. ती कुणी कुठे मारायची यावरून वसई-उत्तनकडचे आणि सातपाटी-पालघरकडचे मच्छीमार यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालत आला आहे. समुद्रालाही हद्दी असतात आणि त्यांवर भांडणे होतात, हे किती पर्यटक घरी घेऊन जातात? तटबंदीवरच्या कुठल्याही तोफेइतकी ही कहाणी रंगतदार आहे आणि ती अजून चालूच आहे.

बोंबलाचेच घ्या. जाळ्यातून आलेला बोंबील इतका पाणीदार असतो की बर्फावरही फार काळ टिकत नाही. त्यामुळे ओला विकला नाही तर वाळवण्याशिवाय गत्यंतर नसते. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूंवर ताणलेल्या दोऱ्यांवर टांगले जातात. पाऊस सरल्यापासून उन्हाळ्यापर्यंत अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर अशा रांगाच्या रांगा दिसतात. हे काम बहुतेक बायकांचे. विक्री, भावाची घासाघीस, उधारीचा हिशेबही त्यांचाच. अवकाळी पावसाची एक सर आली की वाळत घातलेला माल कुजतो, आणि शेतीच्या नुकसानीसारखा तातडीने पंचनामा त्याच्या वाट्याला क्वचितच येतो. पर्यटक मात्र त्या दोऱ्यांसमोर नाक दाबून सेल्फी काढतात. सोबत सांगणारे कुणी असते तर तेच नाक थोडे कमी दाबले गेले असते.

अर्नाळ्याची तर कमालच आहे. समुद्रातल्या बेटावरचा हा किल्ला गुजरातच्या सुलतानांपासून पोर्तुगिजांपर्यंत हात बदलत १७३७ मध्ये मराठ्यांकडे आला. जून २०२५ मध्ये पाणबुडीविरोधी उथळ पाण्यातल्या नव्या युद्धनौकांपैकी पहिली ‘अर्नाळा’ या नावाने नौदलात दाखल झाली. त्या दिवसांत किल्ल्याची छायाचित्रे सगळीकडे झळकली. पण त्या बेटावर गाव आहे, ‘अर्नाळा किल्ला’ नावाची ग्रामपंचायत आहे. मुलांना, आजाऱ्यांना, बाजारहाट करणाऱ्यांना होडीशिवाय वाट नाही आणि लाटांनी किनारा खचून घरांना धोका होतो, हे त्या छायाचित्रांत नव्हते. सहल बेटावर गेलीच तर वाटाड्याही त्याच होडीतून जातो. तेवढ्या वेळात त्याने तटाच्या बुरुजांऐवजी होडीवाल्याला बोलते केले, तरी पुष्कळ होईल.

नालासोपारा बहुतेक सहलींत नसतोच. खरे तर सुरुवात तिथून व्हायला हवी. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उकरला. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, नववा १९५६ मध्ये भुईगावला. ग्रीक नाविकांना ठाऊक असलेले हे बंदर खाडी गाळाने भरत गेली तसे बंदरच राहिले नाही. आज तिथे इमारतींची दाटी आहे. पाचूबंदरच्या बोटी पाहण्याआधी हे पाहिलेले बरे.

आता पैशाचा प्रश्न. किल्ल्याची सहल विकणारा मुंबईचा, गाडी मुंबईची, रिसॉर्ट दुसऱ्याचे. कोळीवाड्याच्या वाट्याला फार तर सुक्या मासळीची चार पाकिटे आणि गल्लीत अडकलेल्या गाड्या. कोचीजवळच्या कुंबळंगी या मच्छीमार गावाने याची उलट बाजू दाखवली आहे. २००३ पासून ते आदर्श पर्यटन गाव म्हणून ओळखले जाते. चिनी जाळी ओढणे, खेकडे पाळणे, काथ्या वळणे हे गावकरी स्वतः दाखवतात आणि पाहुणे त्यांच्याच घरात उतरतात. दुसरे टोक इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये आहे. सेंट आयव्हज हे जुने मासेमारीचे बंदर पर्यटकांना एवढे आवडले की घरे सुट्टीवाल्यांनी घेतली आणि स्थानिकांना परवडेनाशी झाली. २०१६ मध्ये गावकऱ्यांनी मतदान करून नव्या घरांची अशी विक्री रोखण्याचा कौल दिला. वसईने हरित पट्ट्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने मोठा लढा दिला आहे, तेव्हा हा धोका इथे नव्याने समजावण्याची गरज नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. कोळीवाडा म्हणजे प्राणिसंग्रहालय नव्हे, आणि मासळी निवडणाऱ्या बाईला दर रविवारी कॅमेऱ्यासमोर का बसवायचे? म्हणूनच सहल गावाच्या अटींवर असावी. मच्छीमार संस्थेने दिवस ठरवावा, संख्या ठरवावी, फोटोचे नियम ठरवावेत, आणि वाटाड्या गावातला असावा. सहल कंपनीने माणशी रक्कम थेट संस्थेत भरावी. फेब्रुवारी २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रो सुरू झाल्यावर किल्ल्याच्या बाजूला गाड्यांची वर्दळ वाढली आहे. ती आपोआप शिस्तीत येईल अशी आशा धरणे भाबडेपणाचे.

आणि हे सुरू कधी करायचे? जाणकार दिवाळीनंतर म्हणतील. पण १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात यांत्रिक बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. तेव्हा लाकूड तासले जाते, रंग चढतो, जाळी विणली आणि सांधली जातात. नाखवा आणि तांडेल घरी असतात आणि बोलायला त्यांना वेळ असतो. सहल कंपन्यांच्या लेखी हा भाकड हंगाम. मच्छीमारांच्या घरात याच दोन महिन्यांत मासळीचा पैसा येत नाही. त्या दिवसांत अर्नाळ्याची होडी वगळावी, समुद्र खवळलेला असतो. बाकी पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव पायी होते. जाळ्याची गाठ कशी मारतात हे मुंबईच्या मुलांना शिकवायला एक तांडेल आणि एक पडवी पुरे आहे. मानधन त्याच दिवशी, रोख द्यावे.