लाल डेकला बिनडोक म्हणू नका

गेल्या रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर भाच्याशी ‘मॅजिक: द गॅदरिंग’ खेळायला बसलो. बाहेर पाऊस लागून राहिलेला. माझा डेक पांढरा-निळा, त्याचा निव्वळ लाल. चौथ्या टर्नला माझं लाइफ ११ होतं, समोर चार लँड अंथरलेली होती आणि हातात ‘रॅथ ऑफ गॉड’ होतं. चार माना मोजायचे आणि टेबलावरची सगळी क्रीचर एका फटक्यात साफ करायची, असं ते पान. त्याची दोनच क्रीचर उभी होती. एक ‘गॉब्लिन गाइड’, बळ दोन. दुसरी ‘मोनॅस्टरी स्विफ्टस्पिअर’, बळ एक. या दोन चिल्लर क्रीचरांवर एवढं मोठं पान कशाला उधळायचं? त्याला तिसरं उतरवू दे, मग एका पानात तिघांना गारद करू, असा हिशेब मी केला. तीन माना देऊन दोन नवी पानं ओढली आणि टर्न सोडला.

त्याने दोन्ही क्रीचर आडवी केली, म्हणजे हल्ला. मग ‘लाइटनिंग बोल्ट’ टाकला: एक माना, तीन डॅमेज, थेट माझ्यावर. लगेच दुसरा बोल्ट. स्विफ्टस्पिअरचा गुण असा, की तिच्या मालकाने मंत्राचं पान टाकलं की त्या टर्नपुरतं तिचं बळ एकाने वाढतं. दोन बोल्टांनी ती एकाची तीन झाली होती. तीन, तीन, तीन आणि गाइडचे दोन. बरोबर अकरा.

पानं गोळा करता करता त्याने विचारलं, “मामा, तू कशाची वाट बघत होतास?”

तो प्रश्न आठवडाभर डोक्यातून गेला नाही. रॅथ त्याच टर्नला टाकलं असतं, तर दोन्ही बोल्ट खाऊनही माझे ५ उरले असते, आणि त्याचा हात रिकामा झाला असता. पान माझ्याकडे होतं, मानाही होते. चुकलं ते एवढंच, की वेळ कोणाच्या बाजूची आहे हे मी उलटं धरलं. आणि या खेळात लाल डेकवाल्यांना बिनडोक म्हणायची जी सवय पडली आहे, तिच्या मुळाशी हीच चूक आहे असं मला वाटतं.

न खेळणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. आपल्याकडे मेंढीकोट असो की बदाम सात, बावन्न पानांचा एकच कॅट पिसतात आणि सगळ्यांना त्यातूनच वाटतात. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने १९९३ साली अमेरिकेत हा खेळ आणला, तेव्हा त्याने ही रीतच मोडली. इथे ज्याने त्याने आपला कॅट, म्हणजे डेक, घरून बांधून आणायचा. निदान ६० पानं हवीत. साधी लँड सोडली तर एकच पान चारपेक्षा जास्त नको. आजवर वीस हजारांहून अधिक वेगवेगळी पानं छापली गेली आहेत, त्यातून निवडा. दोघांचं लाइफ २० पासून सुरू होतं, हातात सात पानं येतात आणि एका टर्नला एकच लँड उतरवता येतं. लँडमधून माना मिळतात, आणि माना म्हणजे पान टाकण्याची किंमत. म्हणून अर्धा खेळ टेबलाशी बसण्याआधीच खेळून झालेला असतो.

डेक बांधण्याच्या ठरीव पद्धती पडल्या त्या याच घरच्या अर्ध्या खेळातून. धावून मारणारा अ‍ॅग्रो, अडवून धरणारा कंट्रोल, दोन-तीन पानांची गाठ मारून एका टर्नला डाव उलथवणारा कॉम्बो, आणि या सगळ्यांच्या मधला, तब्येतीने जाड क्रीचर उतरवणारा मिडरेंज. नावं पुष्कळ आहेत. मला त्यांच्यात एकच फरक महत्त्वाचा वाटतो: डाव लांबला तर कोणाचं भलं होतं?

सुरुवातीच्या वर्षांत या प्रश्नाचं सगळ्यात ठाम उत्तर कॅलिफोर्नियाच्या ब्रायन वाइसमनने दिलं. त्याच्या डेकला लोक नुसतं ‘द डेक’ म्हणत, इतका त्याचा दरारा होता. त्यात जिंकून देणारी पानं म्हणाल तर पाच मानाच्या दोन ‘सेरा एंजल’. बाकी सगळा डेक समोरच्याला काहीही करू न देण्यासाठी बांधलेला. त्याचं क्रीचर उडवा, त्याचा मंत्र हवेतच मोडून काढा, त्याच्या हातातली पानं काढून घ्या, आपण मात्र एकेक पान जास्त ओढत राहा. समोरच्याचा हात रिकामा आणि आपला भरलेला असला, की मग एंजल उतरवायची. पाच टर्न हल्ला केला की वीस संपले. पानांच्या संख्येत पुढे राहणं म्हणजे डावात पुढे राहणं, हा विचार त्या डेकने खेळात रुजवला. विचार खराच मोठा होता, आणि माझ्यासारखे कंट्रोलवाले आजही त्याच घराण्यातले. पण त्यातून एक गर्वही आला. जो थांबतो तो हुशार, जो धावतो तो अडाणी.

१९९६ साली अटलांटातल्या एका पात्रता स्पर्धेत पॉल स्लाय एक लाल डेक घेऊन बसला. डेकची यादी पाहिली तर कोणीही नाक मुरडावं. ‘आयर्नक्लॉ ऑर्क्स’ घ्या: दोन मानाचं, दोन बळाचं क्रीचर, आणि वर अट अशी, की समोरून दोन किंवा जास्त बळाचं क्रीचर आलं तर हे अडवणारच नाही. ‘ब्रास मॅन’ एकदा हल्ला केला की माना भरल्याशिवाय उठत नाही. ही असली, इतरांच्या खोक्यात धूळ खात पडणारी पानं चार-चार घेतलेली. तरी तो डेक वरपर्यंत पोहोचला, आणि पुढची कित्येक वर्षं अशा लाल डेकला ‘स्लाय’ हेच नाव पडलं. स्लायने स्वतः श्रेय दिलं ते डेकची मांडणी करणाऱ्या जे श्नायडरला.

श्नायडरने पानं त्यांच्या ताकदीवरून निवडलीच नव्हती, त्याने ती किमतीवरून निवडली. पहिल्या टर्नला एक माना असतो, तर एक मानाचं पान हातात हवंच. दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. एकाही टर्नला माना वाया जाता कामा नये. हिशेब करून बघा. पहिल्या चार टर्नला न चुकता सगळे माना वापरले, तर एक, दोन, तीन, चार मिळून १० माना खेळात आले. पहिले दोन टर्न हात बांधून बसलात तर ७. ते तीन माना पुन्हा कधीच भरून येत नाहीत. वाइसमनने पानं मोजली, श्नायडरने माना मोजले. त्याच्या मोजदादीला पुढे ‘माना कर्व्ह’ म्हणू लागले, आणि आज कंट्रोलवालाही डेक बांधताना पानं किमतीप्रमाणे रांगेत लावून पाहतो. बिनडोक म्हणवल्या गेलेल्या डेकने सगळ्या खेळाला दिलेली ही देणगी आहे.

दुसरी देणगी आगीच्या पानांची. बोल्टचे डॅमेज तीन. वीसला तीनने भागा, सात बोल्ट लागतात. म्हणजे लाल डेकच्या नजरेने तुम्ही म्हणजे फक्त सात पानं. क्रीचरने सुरुवातीला आठ-नऊ काढले की चारच पानं. भाचा त्या दुपारी माझ्या लँडांकडे, हातातल्या सहा पानांकडे बघतही नव्हता. तो उलटे आकडे मोजत होता. माझ्या हातात सहा पानं आहेत याचा मला केवढा आधार वाटत होता! पण शून्य लाइफला हातातल्या सहा पानांची किंमत काय?

काळ्या रंगाने हाच धडा उलट बाजूने शिकवला. ‘नेक्रोपोटन्स’ नावाच्या पानाला १९९५ साली आलं तेव्हा फारसं कोणी विचारलं नाही. त्यात एक लाइफ द्यायचं आणि एक पान घ्यायचं. लाइफ कोण देईल? पुढच्याच वर्षी त्या पानाने स्पर्धा इतक्या व्यापल्या, की १९९६ चा उन्हाळा ‘ब्लॅक समर’ म्हणून ओळखला गेला. एकोणिसाव्या लाइफला किंमत नसते, शेवटच्या एकालाच असते, हे लोकांना तेव्हा कळलं.

कॉम्बोबद्दल आज थोडक्यात. १९९७ साली पॅरिसच्या प्रो टूरमध्ये, म्हणजे व्यावसायिक खेळाडूंच्या स्पर्धेत, माइक लाँग ‘प्रॉसब्लूम’ घेऊन जिंकला. पानं जाळून माना, मानातून पानं, असं चक्र फिरवत शेवटी एकाच मोठ्या घावात समोरच्याला संपवायचं, अशी ती गाठ. १९९८-९९ च्या हिवाळ्यात असले डेक इतके माजले, की समोरचा नीट बसायच्या आत डाव संपू लागला आणि पानांवर धडाधड बंदी घालावी लागली. जुने खेळाडू तो काळ आजही ‘कॉम्बो विंटर’ म्हणून आठवतात. कॉम्बो मला आवडत नाही हे इथे कबूल करतो. तिथे समोर कोणी माणूस बसला आहे याची गरजच फारशी उरत नाही.

नवख्यांना सांगताना बहुतेक जण या पद्धतींचं दगड-कागद-कात्री करून टाकतात: हा त्याला हरवतो, तो याला. ऐकायला सोपं आहे, आणि चुकीचं आहे. १९९९ साली माइक फ्लोरेसने ‘हूज द बीटडाउन?’ या लेखात त्याचं खरं कारण मांडलं. माझ्या मते या खेळावर लिहिलेला याहून कामाचा लेख नाही. त्याचं म्हणणं असं: कोणत्याही डावात एक जण धावणारा असतो आणि दुसरा अडवणारा. कोण कोणता, हे डेकच्या नावावरून ठरत नाही, समोर कोण बसलंय त्यावरून ठरतं. दोघेही अ‍ॅग्रो असले तरी एकाला अडवणाऱ्याची भूमिका घ्यावीच लागते. ज्याच्याकडे डॅमेज जास्त त्याने धावावं. ज्याच्याकडे क्रीचर मारायची आणि पानं ओढायची सोय जास्त त्याने थांबावं. ही भूमिका चुकली की डाव गेला.

आता लाल डेकवाल्यासमोर रोज काय वाढून ठेवलेलं असतं ते बघा. हातातला बोल्ट समोरच्या क्रीचरवर टाकायचा की समोरच्याच्या तोंडावर? प्रत्येक बोल्टागणिक हा निर्णय नव्याने घ्यावा लागतो, आणि त्याला चूक परवडत नाही, कारण त्याच्याकडे चूक भरून काढायला जास्तीची पानं नसतात. माझ्या कंट्रोलमध्ये एक चूक झाली तर पुढच्या टर्नला दोन पानं ओढून मी सावरू शकतो. त्याला ती सोय नाही.

२००६ च्या होनोलुलू प्रो टूरची उपांत्य फेरी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. इंग्लंडचा क्रेग जोन्स विरुद्ध फ्रान्सचा ओलिव्हिए रुएल, पाचवा डाव. जोन्सचा मृत्यू समोर दिसत होता. हातात आगीचं एक पान होतं. ते क्रीचरवर टाकून आजचं मरण उद्यावर ढकलण्याचा मोह कोणालाही झाला असता. त्याने ते रुएलवर टाकलं. रुएल ३ वर आला. आता पुढच्या एका ओढीत नेमकं आगीचं पान आलं तर जिंकला, नाही तर हरला. जोन्सने वरचं पान उलटलं: ‘लाइटनिंग हेलिक्स’. तीन डॅमेज. सभागृहात एकच कल्लोळ झाला, आणि तो क्षण लोक अजून नशिबाचा क्षण म्हणून सांगतात. मला त्यातलं नशीब दुय्यम वाटतं. आधीचं पान क्रीचरवर गेलं असतं तर त्या हेलिक्सने काहीच झालं नसतं, रुएलचं लाइफ फक्त थोडं कमी झालं असतं. आपण धावणारे आहोत, इथून थांबून आपल्याला काही मिळणार नाही, हे त्याने पान येण्याच्या आधी ओळखलं होतं. पुढे अंतिम सामन्यात तो मार्क हर्बरहोल्झकडून हरला. तरी लोकांच्या लक्षात राहिला तो उपांत्य सामना.

आज विजेत्या डेकची यादी दोन मिनिटांत मोबाइलवर मिळते. मुलं ती साठच्या साठ पानं जशीच्या तशी उतरवतात, ‘अरीना’ या ऑनलाइन आवृत्तीवर डाव लावतात, हरतात आणि डेक बदलतात. पुन्हा हरतात, पुन्हा बदलतात. मला याचं फार वाईट वाटतं. यादीत पानं असतात, त्या यादीने समोरच्या कोणाशी कसं वागायचं हे लिहिलेलं नसतं. माझ्याकडे नव्याने शिकायला येणाऱ्याला मी आता आधी लाल डेक देतो. तो स्वस्त पडतो हे एक कारण आहेच, पण खरं कारण असं, की त्यात लपायला जागा नाही. चुकलं तर दोन टर्नच्या आत दिसतं.

रविवारी संध्याकाळी तिसऱ्या डावाला मी पांढरा-निळा डेक बाजूला ठेवला. भाच्याने मित्रासाठी बांधलेला दुसरा लाल डेक मला दिला, जवळजवळ त्याच्याच डेकची प्रत. पहिला टर्न माझा होता. मी लँड ठेवलं, गॉब्लिन गाइड उतरवला आणि लगेच दोन मारले. आता तोही गाइड उतरवून मला दोन मारणार, मग मी पुन्हा, मग तो, अशी शर्यत मी मनात मांडून ठेवली होती.

त्याने आपलं लँड ठेवलं. हातातली पानं एकदा डावीकडून उजवीकडे बघितली. त्यात गाइड होता, ते मला नंतर कळलं. त्याने बोल्ट काढला आणि माझ्या गाइडवर ठेवला.

“तू आधी सुटलास ना मामा,” तो म्हणाला, “मग या डावात मी थांबणार.”