स्वतः पास न झालेला काय शिकवणार?

वस्तीतल्या विहारात मोफत अभ्यासिका चालवणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना एक टोमणा हमखास ऐकावा लागतो : "यांना स्वतःला एमपीएससी निघाली नाही, हे पोरांना काय शिकवणार?" टोमणा मारणारे बहुतेक वेळा आपलेच असतात. म्हणून याचे उत्तर दिलेच पाहिजे.

पहिला प्रश्न, यश म्हणजे काय? राज्यसेवेच्या काही शे जागांसाठी लाखो अर्ज येतात. जागाच मोजक्या, तेव्हा विषय नीट येणारेही हजारो जण बाहेर राहणारच. यादीत नाव नसणे आणि विषय न येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय या देशात यशाच्या दारावर जात पहारा देत उभी असते. पालवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना दिले गेले नाही. पदावरूनच लायकी मोजायची, तर बाळूंनाही नापास म्हणणार का?

दुसरा प्रश्न, यशस्वी माणूस चांगला शिक्षक असतोच का? रमाकांत आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले, पण सचिन तेंडुलकर घडवला त्यांनीच. त्यांना १९९० साली पुरस्कार मिळाला तो द्रोणाचार्यांच्या नावाचा! महाभारतातले द्रोणाचार्य तर धनुर्विद्येत पारंगत होते. एकलव्याला त्याचा काय उपयोग झाला? विद्या नाकारली गेली आणि वर अंगठाही गेला.

आपल्या घरातलेच उदाहरण घ्या. सुभेदार रामजी लष्करी शाळेतले शिक्षक, विद्यापीठाची पदवी नसलेले. पण भीमरावांच्या अभ्यासाचा पाया त्यांनीच घातला. बाबासाहेब १९०७ ला मॅट्रिक आणि १९१२ ला बी.ए. झाले. १९१३ च्या फेब्रुवारीत रामजी गेले, त्याच वर्षी मुलगा कोलंबियाला पोहोचला. बापाने जे विद्यापीठ पाहिलेही नाही, तिथवर जाण्याची तयारी बापानेच करून घेतली होती.

याचा अर्थ कोणीही उठावे आणि शिकवावे, असा नाही. विषय आलाच पाहिजे. तथागतांनी कालामांना सांगितले होते की, केवळ गुरू म्हणतो म्हणून मानू नका, तपासा. मग तपासा! मागच्या वर्षीचा पेपर तो फळ्यावर सोडवून दाखवतो का? तुमचे उत्तर वाचून चूक कुठे झाली ते सांगतो का? मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. वही तपासणारा माणूस लागतो, फलकावरचा फोटो वही तपासत नाही. आणि हो, आपण किती वेळा नापास झालो हे तो लपवत तर नाही ना?

"यशस्वी"च गुरू हवा, या हट्टाचा फायदा कोणाला होतो? टॉपरचे फोटो लावून फी उकळणाऱ्या क्लासवाल्यांना. त्यांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. तरीही आईचे दागिने गहाण टाकून आपली पोरे तिकडेच जातात, आणि विहारातली अभ्यासिका ओस पडते.

मित्रांनो, शिकवणाऱ्याचे पद विचारू नका, त्याचे काम तपासा. आणि ज्यांची यादी हुकली त्यांनी लाजून घरी बसू नये. तुम्ही जे शिकलात ते समाजाचे आहे. वस्तीत या, खडू हातात घ्या.

जय भीम!