फर्ग्युसन नावाचा दाखला

एखादा मोठा फुटबॉल क्लब हरू लागला आणि त्याच्या मॅनेजरला ठेवावे की काढावे असा वाद पेटला, की थोड्याच वेळात कोणीतरी सर ॲलेक्स फर्ग्युसन यांचे नाव उच्चारतो आणि वाद जिंकल्यासारखा चेहरा करतो. युक्तिवाद ठरलेला असतो. मँचेस्टर युनायटेडने फर्ग्युसन यांना पहिली तीन-साडेतीन वर्षे अपयश पदरी घेऊनही ठेवले, त्यांच्यावर श्रद्धा ठेवली, म्हणून पुढची तेवीस वर्षे लाभली. सबब तुम्हीही धीर धरा. हा दाखला आम्हांला मान्य नाही. त्यातील बहुतेक तपशील खरे आहेत. पण ते ज्या क्रमाने आणि ज्या आविर्भावाने सांगितले जातात त्यात लबाडी आहे. गोष्ट कशी सांगितली जाते याचा विचार करणे हा ज्यांचा व्यवसाय, त्या साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी तरी 'हा खेळवाल्यांचा प्रांत' म्हणून याकडे पाठ फिरवू नये.

दंतकथा प्रथम तिच्या प्रचलित रूपात पाहू. नोव्हेंबर १९८६ मध्ये फर्ग्युसन ॲबरडीनहून मँचेस्टरला आले, तेव्हा युनायटेड बावीस संघांच्या पहिल्या विभागात एकविसावा होता. त्या मोसमाअखेर अकरावा क्रमांक आला, पुढच्या मोसमात दुसरा, त्याच्या पुढच्या मोसमात पुन्हा अकरावा. सप्टेंबर १९८९ मध्ये मँचेस्टर सिटीने ५-१ असा धुव्वा उडवला. डिसेंबरात घरच्याच मैदानावर, तीन वर्षे सबबी ऐकल्या, आता या, अशा अर्थाचा फलक प्रेक्षकांत झळकला. वर्ष उलटले तेव्हा लीगमधील सलग आठ सामन्यांत विजय नव्हता. अशा स्थितीत ७ जानेवारी १९९० रोजी एफए कपच्या तिसऱ्या फेरीत नॉटिंगहॅम फॉरेस्टशी गाठ पडली. हरले तर फर्ग्युसन जाणार, हे वृत्तपत्रांनी परस्पर ठरवून टाकले होते. वीस वर्षांच्या मार्क रॉबिन्सने हेडरने एकमेव गोल केला. युनायटेडने मे महिन्यात तो कप जिंकला, १९९१ मध्ये युरोपातील कप विनर्स कप जिंकला, १९९३ मध्ये सव्वीस वर्षांनी लीगचे विजेतेपद मिळवले, आणि २०१३ पर्यंत त्या विजेतेपदांची संख्या तेरा झाली. एका कोवळ्या पोराच्या एका गोलाने इतिहास वळला, अशी ही कथा.

आता तिच्यातून काय गळते ते पाहा. क्लबचे तत्कालीन अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्स यांनी पुढे वारंवार सांगितले आहे, की त्या सामन्यात पराभव झाला असता तरी फर्ग्युसन यांना काढण्याचा विचार नव्हता. हे खरे मानले तर रॉबिन्सच्या गोलाने कोणालाच वाचवले नाही. त्या गोलाने लीगमधील नशीबही पालटले नाही. पुढच्या तिन्ही लीग सामन्यांत युनायटेडला विजय मिळाला नाही आणि मोसम तेराव्या स्थानावर, खालच्या विभागात घसरणाऱ्या संघापेक्षा अवघ्या पाच गुणांनी वर संपला. कपाचा प्रवासही असाच काठाकाठाने झाला. उपांत्य सामना ओल्डहॅमशी ३-३ असा सुटला, फेरसामन्यात जादा वेळेत निभावले. अंतिम सामना क्रिस्टल पॅलेसशी पुन्हा ३-३, आणि फेरसामन्यात ली मार्टिन या बचावपटूचा एकमेव गोल. यांपैकी कोणताही चेंडू वीतभर इकडेतिकडे गेला असता तर आज हीच कथा 'वेळीच काढायला हवे होते' या शीर्षकाखाली सांगितली गेली असती, आणि सांगणाऱ्याचा आत्मविश्वास तसूभरही कमी नसता.

कादंबरीचे शेवटचे प्रकरण आधी वाचून मग पहिल्या प्रकरणात 'बीजे' शोधणारा वाचक आपल्या परिचयाचा आहे. आपल्या वर्गांतही एखाद्या लेखकाच्या फसलेल्या पहिल्या पुस्तकात पुढच्या मोठेपणाचे सूचन आपण हौसेने दाखवतो. तो लेखक पुढे मोठा झाला नसता तर तेच पुस्तक कोणी उघडलेही नसते. मॅनेजरांचेही तेच. ज्यांना वेळ दिला, पुन्हा वेळ दिला, आणि तरी काही घडले नाही, त्यांच्या दंतकथा होत नाहीत. त्यांची नावे कोणी दाखल्यासाठी काढत नाही. एका यशस्वी उदाहरणावरून नियम काढायचा आणि विरुद्ध उदाहरणे विस्मरणात ढकलायची, याला अनुभवाचे शहाणपण म्हणता येणार नाही.

मग १९९० साली फर्ग्युसन यांना ठेवणे चूक होते काय? मुळीच नाही. ते योग्यच होते. पण ज्या कारणासाठी ते योग्य होते ते कारण दंतकथेत येत नाही. पुढचे काही ठाऊक नसलेल्या माणसाला जानेवारी १९९० मध्ये काय दिसू शकत होते, एवढेच विचारू या. क्लबसाठी मुले हेरणाऱ्या माणसांचे जाळे फर्ग्युसन यांनी आल्याआल्या वाढवले होते. सिटीकडे सराव करणाऱ्या रायन गिग्जला त्याच्या चौदाव्या वाढदिवशी, नोव्हेंबर १९८७ मध्ये, युनायटेडने आपल्याकडे ओढले होते, आणि त्यासाठी मॅनेजर स्वतः त्याच्या घरी गेले होते. एरिक हॅरिसन हे युवा संघाचे प्रशिक्षक त्यांच्याही आधीपासून क्लबात होते, हे मान्य. परंतु आपल्या आधीच्या माणसाचे काम ओळखणे आणि त्याला बळ देणे हेही कामच असते. पॉल मॅक्ग्रा आणि नॉर्मन व्हाइटसाइड या प्रेक्षकांच्या लाडक्या खेळाडूंना १९८९ च्या उन्हाळ्यात त्यांनी विकले, कारण मद्यपानाची जी रीत संघात मुरली होती ती त्यांना मोडायची होती. त्याच सुमारास गॅरी पॅलिस्टर आणि पॉल इन्स आले. आणि ज्या दोघांच्या गोलांवर कपाची कथा उभी आहे ते रॉबिन्स आणि मार्टिन, दोघेही क्लबच्याच युवा संघातून वर आलेले. हे सारे गुणतक्त्यात दिसत नव्हते, तरी डोळे उघडे ठेवून क्लबात वावरणाऱ्या कोणालाही दिसत होते. संचालकांपैकी बॉबी चार्ल्टन यांच्यासारख्यांना ते दिसत असणारच. हे पाहून घेतलेल्या निर्णयाला 'श्रद्धा' म्हणणे हा त्या निर्णयाचा अपमान आहे. श्रद्धेला कारण द्यावे लागत नाही. संचालक मंडळाला कारण देता आले पाहिजे.

या शब्दाच्या सोयीस्करपणाचा सर्वांत महागडा नमुना याच क्लबने २०२४ मध्ये सादर केला. मात्र त्याआधीचा २०१६ चा प्रसंग आठवावा. २१ मे २०१६ रोजी लुई व्हान खाल यांच्या संघाने क्रिस्टल पॅलेसला २-१ ने हरवून एफए कप जिंकला, आणि दोन दिवसांनी त्यांना काढण्यात आले. २५ मे २०२४ रोजी एरिक टेन हाग यांच्या संघाने मँचेस्टर सिटीला तेवढ्याच फरकाने हरवून तोच कप जिंकला, आणि त्यांचा करार वाढवण्यात आला. १९९० मध्ये कपाने मॅनेजर वाचवला म्हणतात, २०१६ मध्ये कपाला किंमत नव्हती, २०२४ मध्ये पुन्हा ती आली. एकाच पुराव्यावरून असे उलटसुलट निकाल लागत असतील तर तो पुरावा नव्हेच, निमित्त आहे.

टेन हाग यांचा तो मोसम लीगमध्ये आठव्या क्रमांकावर संपला होता. प्रीमियर लीगच्या काळातला युनायटेडचा तोवरचा सर्वांत खालचा क्रमांक. केलेल्या गोलांपेक्षा स्वीकारलेले गोल जास्त. कपाच्या उपांत्य सामन्यात, २१ एप्रिलला वेम्बलीवर, खालच्या विभागातल्या कॉव्हेंट्री सिटीविरुद्ध तीन गोलांची आघाडी या संघाने घालवली. ३-३ अशा बरोबरीनंतरच्या जादा वेळेच्या अगदी शेवटी कॉव्हेंट्रीने चौथा गोलही केला, पण त्याआधीच्या चालीत एका खेळाडूचा पाय किंचित पुढे होता म्हणून व्हिडिओ पाहून तो ऑफसाइड ठरला. मग पेनल्टींवर युनायटेड सुटला. कॉव्हेंट्रीचा मॅनेजर कोण होता? मार्क रॉबिन्स. तोच. कोणा कादंबरीकाराने हे रचले असते तर आपण त्याला योगायोगाचा सोस म्हणून झोडपले असते. असो.

उन्हाळ्यात क्लबच्या नव्या कारभाऱ्यांनी दुसऱ्या मॅनेजरांशी बोलणी केली; हे पुढे टेन हाग यांनी स्वतःच जाहीर सांगितले. मनासारखा कोणी मिळाला नाही, तेव्हा जुन्यावर 'विश्वास' बसला आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात करार २०२६ पर्यंत वाढला. त्याच आठवड्यात क्लबमधील सुमारे २५० कर्मचाऱ्यांची कपात होणार असल्याची बातमी आली. पुढे मॅनेजरच्या पसंतीशी जुळणाऱ्या खेळाडूंवर सुमारे २० कोटी पौंड खर्चण्यात आले. ऑक्टोबरात काटकसर म्हणून खुद्द फर्ग्युसन यांचे मानधनाचे राजदूतपद मोसमाअखेर संपवण्याचे ठरले. आणि २८ ऑक्टोबरला, लीगचे नऊ सामने होऊन संघ चौदावा असताना, टेन हाग यांना काढले. आम्हांला चीड येते ती इथे. मॅनेजरला भरपाई मिळते. त्याची आम्हांला चिंता नाही. पण धीर आणि निष्ठा यांचे गोडवे गाणाऱ्या संस्थेला स्वयंपाकघरात, तिकीटखिडकीवर, कार्यालयात वर्षानुवर्षे राबणाऱ्या माणसांच्या बाबतीत धीर धरावासा वाटला नाही. त्यांच्यासाठी कोणी रॉबिन्स गोल करत नसतो.

इथे कोणी म्हणेल, मग तुम्ही 'काढा, काढा' म्हणणाऱ्यांच्या बाजूचे. तेही नाही. त्या पंथाचा हिशोब तर याहून झटपट लागतो. फर्ग्युसन यांच्यानंतर डेव्हिड मॉइस यांना सहा वर्षांचा करार देऊन दहा महिन्यांत घालवले. तेव्हापासून मॅनेजर येतात, त्यांच्या आवडीचे खेळाडू येतात, मॅनेजर जातात, खेळाडू उरतात. टेन हाग यांच्यानंतर मोसमाच्या मध्यावर रुबेन अमोरिम आले आणि तो मोसम पंधराव्या क्रमांकावर, ४२ गुणांवर संपला. दोन्ही पंथांचे गृहीतक एकच आहे. क्लब ही एका नायकाची कथा आहे. नायक टिकवा किंवा नायक बदला. खेळाडू कोण निवडतो, पैसा कोठे जातो, युवा संघात काय शिकवले जाते, मालकाला नेमके काय हवे आहे, हे सारे त्या कथेत पार्श्वभूमी होऊन बसते. नायककेंद्री वाचनाची मर्यादा आपण परीक्षेला प्रश्न म्हणून घालतो. रविवारी सामना पाहताना मात्र ती विसरतो.

आमचे म्हणणे साधे आहे. अपयशी संघाच्या मॅनेजरला ठेवायचे असेल तर ठेवणाऱ्यांना, आपण नेमकी कशाची वाट पाहतो आहोत आणि तिची कोणती खूण आज दिसते, हे सामन्याचा निकाल न सांगता सांगता आले पाहिजे. जुलै २०२४ मध्ये युनायटेडला ते सांगता आले नसते. कॉव्हेंट्रीला एके काळी आले असते.

त्या क्लबची गोष्ट रॉबिन्स यांच्याही हकालपट्टीने थांबते. टेन हाग गेले त्यानंतर दहा दिवसांनी, ७ नोव्हेंबर २०२४ रोजी, संघ दुसऱ्या स्तरावर सतरावा असताना, सात वर्षांहून अधिक सेवेनंतर त्यांना काढले. पुढे फ्रँक लॅम्पार्ड यांनी तोच संघ मोसमाअखेर पाचव्या स्थानावर नेला. हे बरोबर झाले की चूक, हे पाचव्या क्रमांकावरून ठरवण्याची घाई आम्ही करणार नाही. पण मार्च २०१७ चा निर्णय तपासता येतो. रॉबिन्स आले तेव्हा कॉव्हेंट्री तिसऱ्या स्तराच्या तळाशी होता आणि दोन महिन्यांत तो चौथ्या स्तरावर घसरला. मालकांविरुद्ध प्रेक्षकांची निदर्शने चालली होती. तरीही मॅनेजरला ठेवले, कारण घसरण त्यांच्या आधीच ठरून गेली होती, आणि हाताशी असलेल्या तुटपुंज्या पैशांत तरुण खेळाडूंचा संघ नव्याने बांधणे हे काम कोणालाही दिसेल असे समोर होते. मे २०१८ मध्ये वेम्बलीवर एक्झिटरला ३-१ ने हरवून तो संघ पुन्हा वर आला. तो सामना कॉव्हेंट्री हरला असता तरी रॉबिन्स यांना ठेवण्याचा निर्णय आम्ही योग्यच म्हटला असता.