माणूस टिकत नाही, असे म्हणणारे आपण

पावसाळा सरला की रत्नागिरी जिल्ह्यातल्या सड्यांवर चिरेखाणी सुरू होतात, आणि त्यांच्याबरोबर मालकांची जुनी तक्रारही: कसबी माणूस मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही. आपण गावकरी माना डोलावतो. ज्याला आपण कधी कसबी मानलेच नाही, तो आपल्याकडे का राहावा, हे मात्र कोणी विचारत नाही.

आपली घरे, विहिरी, देवळे, गडगे सारे जांभ्याचे. तो कापणारा मात्र परका. हाताने राबणारा खालचा, ही समजूत आपल्याला बापजाद्यांकडून जमिनीबरोबरच मिळाली. दगडाचे काम वडाराचे, असे ठरवून आपण हात झाडले. मुलाला मुंबईत कुठेही चिकटवू, पण खाणीवर धाडणार नाही. यात मीही आलो. मग घाटावरून, कर्नाटकातून मुकादम उचल देऊन माणसे आणतो. उचल फिटेपर्यंत माणूस बांधलेला, आणि यालाच आपण माणूस टिकवणे म्हणतो.

ते काम एकदा जवळ उभे राहून पाहावे. यंत्राचे पाते कातळात उभे-आडवे फिरते, मग पहारीने चिरा तळातून सुटा करतात. कातळ कुठे भुसभुशीत आहे, पाते कुठे अडकेल, हे जुन्या माणसाला नजरेनेच कळते. तांबडी धूळ त्याच्या पापण्यांवर साचते. नाकातोंडाला गुंडाळलेला फडका हेच त्याचे संरक्षण. बायको ट्रक भरते, आणि शाळा अर्धवट सोडून आलेली मुले खाणीच्या काठावर खेळतात. मजुरी बहुधा नगावर. वर्षानुवर्षे मुरलेल्याला आणि काल आलेल्याला दर एकच. अशा ठिकाणी कोणी कशासाठी शिकावे आणि शिकवावे? याच सड्यांवरची कातळशिल्पे आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो. ती कोरणाऱ्या अनाम हातांचे आपल्याला कौतुक. समोरच्या हाताचे नावही माहीत नाही.

कायदाही आपल्यासारखाच वागला. 1952 च्या खाण कायद्याने सहा मीटरपर्यंत खोल, पन्नासपर्यंत माणसांच्या, सुरुंग न लावणाऱ्या जांभ्याच्या उघड्या खाणींना बहुतेक तरतुदींतून वगळले. अठरा वर्षांखालील कोणी खाणीच्या कामाच्या जागी असूही नये, हा नियम मात्र त्या सवलतीनेही सोडला नव्हता. काठावर खेळणारी पोरे येताजाता पाहणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी त्याची आठवण करून दिली?

यातले काही अशक्य नाही. पात्यावर पाण्याची धार सोडली तर धूळ बसते. अनुभवाप्रमाणे चढता दर, केलेल्या कामाचा लेखी दाखला, उचलीचा उघडा हिशेब, पत्र्याची पक्की खोली, पोरांना हंगामापुरता का होईना गावच्या शाळेत प्रवेश: एवढे केले तर माणूस पुढच्या वर्षी आपणहून येईल, आणि आपल्या मुलांनाही या कामाची लाज वाटणार नाही. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला येतात. त्याआधीच्या ग्रामसभेत हे विषय मांडायला कोणाची परवानगी लागत नाही.