दाखला कोणाचा, पाणी कोणाचे?



आम्ही शाहूवाडी तालुक्यातले, कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचे. आंबा घाटाच्या बाजूला आमच्याकडे पाऊस ओतत असतो, तेव्हा तुम्ही कापूस-ज्वारीवाले तिफण उभी करून आभाळाकडे पाहत असता. पावसाळी मुलखातल्या माणसांनी कोरडवाहू भावांना पाण्याच्या गोष्टी काय म्हणून सांगाव्यात, असे कोणी विचारील. जरूर विचारावे. पण आमच्या मुलखातली एक वस्तू सरकारने तुमच्या नाल्यांवर आणून बसवली आहे. तिच्याविषयी बोलण्याचा आम्हाला थोडा हक्क आहे. ती वस्तू म्हणजे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा.

हे आज काढण्याचे कारण असे. बैठका-बैठकांतून एक वाद ऐकू येतो. गावातली कामे, मग ते बंधारे असोत, शेततळी असोत की पाणंद रस्ते, चालवायची कोणी? शिकलेली पोरे म्हणतात, आता काम चालवण्याचेही शास्त्र झाले आहे, त्याची परीक्षा असते, प्रमाणपत्र असते. ते नसेल तर कोणी दारात उभे करत नाही. म्हातारी माणसे म्हणतात, कागदाने कधी पाणी अडले आहे काय? दोघांचेही निम्मे खरे आहे. आणि निम्म्या खऱ्यानेच आपले जास्त नुकसान केले आहे.

बरगे कधी घालायचे?

आमच्या कासारी, कडवी, वारणा या नद्यांवर असे बंधारे आहेत. नदीत दगडी खांब उभे करायचे, खांबांना खाचा ठेवायच्या. पावसाळ्यात खाचा मोकळ्या, म्हणजे पूर गाळासकट निघून जातो. पावसाळा सरला की खाचांत फळ्या घालायच्या. त्यांना आम्ही बरगे म्हणतो. जुन्या पद्धतीत फळ्यांच्या दोन रांगा लावून मधे माती ठासत. बांधकाम इंजिनियरचे, त्यात वाद नाही. पण बरगे कधी घालायचे, ही गोष्ट काठावरच्या माणसाची. आठ दिवस आधी घातले आणि परतीचा पाऊस आला, तर पाणी काठ फोडून कडेचे रान घेऊन जाते. आठ दिवस उशीर केला, तर नदीतले पाणी पुढे निघून गेलेले असते. ही तारीख कोणत्याही नकाशावर लिहिलेली नसते.

आता नीट ध्यानात घ्या. हा बंधारा चालतो, कारण पाऊस थांबल्यावरही आमच्या नद्या वाहत असतात. वर घाट आहे, धरणे आहेत, तिथून पाणी सुटत राहते. हाच नकाशा मराठवाड्यात आणि विदर्भात नाल्यांवर बसवला गेला. तुमचा नाला दोन तास तांबडे पाणी घेऊन धावतो आणि दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो. पाऊस संपल्यावर दारे घालायची तर अडवायला पाणी कुठले? आधी घालावीत तर एकाच ढगफुटीत काळ्या मातीचे काठ फुटतात. मग बंधारा जागेवर उभा आणि नाला त्याला वळसा घालून बाजूने, असे चित्र दिसते. पुढे दारे गंजतात, काही चोरीला जातात आणि दप्तरात मात्र ‘काम पूर्ण’ असा दाखला असतो.

ज्याने तो नकाशा उतरवून काढला, तो अडाणी नव्हता. त्याच्याकडे पदवी होती. नकाशा गावाला आणता येतो, पण ज्या अनुभवातून तो नकाशा जन्मला तो अनुभव त्याच्याबरोबर येत नाही. पदवीची उणीव तेवढीच आहे, पण तिची किंमत तुमच्या रानाने मोजली.

काळ्या रानातले बंडिंग

दुसरे उदाहरण तुमच्याच बांधावरचे. समपातळी बांधाची, म्हणजे बंडिंगची कामे राज्यात वर्षानुवर्षे झाली. हलक्या, मुरमाड रानात त्यांचा फायदा झाला, हे आम्ही नाकारत नाही. पण खोल काळ्या रानात पाणी लवकर मुरत नाही. ते बांधाला तुंबते, तिथली ज्वारी पिवळी पडते, उन्हाळ्यात बांधाला हातभर भेगा जातात आणि पहिल्याच मोठ्या पावसाला बांध फुटतो. अशा रानात पाणी अडवण्यापेक्षा हलक्या उताराच्या बांधाने सावकाश बाहेर काढावे लागते. हे शास्त्रही आज तेच सांगते. पण ज्या म्हाताऱ्याने चाळीस वर्षे त्या रानात पाभर धरली, त्याला हे आधीच ठाऊक होते. त्याला विचारले कोणी? त्याच्या सांगण्याला मोजमाप पुस्तकात रकाना नव्हता.

अनुभवाचीही झडती घेऊ

भावांनो, एवढे वाचून कोणी टाळी वाजवू नये. अनुभवाच्या नावावर आपण कमी पैसा बुडवलेला नाही. हातात नारळ घेऊन फिरणाऱ्या पाणाड्याच्या शब्दावर एकामागून एक बोअर मारणारे आपणच आहोत. तोही अनुभवच सांगतो. लागलेल्या विहिरी तो मोजतो, कोरड्या गेलेल्या मोजत नाही. जो अनुभव आपल्या चुका मोजत नाही, त्याला अनुभव म्हणू नये, ती सवय आहे. आज्याने केले म्हणून आम्ही करतो, हेही तसेच. आज्याच्या वेळी विहीर पाच परसांवर लागत होती. आज भूजल कुठे गेले आहे ते पाहा.

शिवाय अनुभवाचाही कागद होतो आणि तो बाजारात फिरतो. टेंडरला ‘पूर्वी असे काम केल्याचा दाखला’ लागतो. दाखला एकाचा, काम दुसऱ्याचे, मजूर तिसऱ्याचे, असे प्रकार सगळ्यांनी पाहिले आहेत. मजूर संस्था आणि बेरोजगार अभियंते यांच्यासाठी कामांचा वाटा राखून ठेवला, हेतू चांगला होता. पण त्यांच्या नावाआड खरा ठेकेदार कोण, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते.

गंमत अशी की, प्रमाणपत्र देणाऱ्यांनाही हे कळते. प्रकल्प चालवण्याचे जगभर चालणारे प्रमाणपत्र देणारी संस्था अमेरिकेत १९६९ साली निघाली आणि १९८४ पासून ती परीक्षा घेते. पण नुसते पुस्तक पाठ करून त्या परीक्षेला बसता येत नाही. आधी काही वर्षे काम चालवल्याचा अनुभव दाखवावा लागतो. पदवी नसेल तर जास्त वर्षांचा. पदवी नसलेल्यालाही तिथे दार बंद नाही. आपल्याकडे मात्र गवंड्याला, मुकादमाला, बंधाऱ्यावर जन्म काढलेल्या माणसाला विचारण्याची पद्धतच नाही.

जिथे जमले तिथे काय झाले

१९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यातल्या नायगावला जाऊन राहिले. ते इंजिनियर होते, पुण्याचे कारखानदार होते. पण पाणी पंचायतीचा नियम इंजिनियरिंगच्या पुस्तकातून आला नाही. पाणी जमिनीवर नाही, माणसावर. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा आणि ऊस नाही. पदवी गावात मुक्कामाला आली, तेव्हा हा नियम झाला.

आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, बळवडी आणि तांदुळवाडीच्या शेतकऱ्यांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीने १९८० च्या दशकात येरळा नदीवर बळीराजा धरण उभे केले. पैसा उभा करायला नदीतली वाळू विकली. आराखड्याला के. आर. दाते यांच्यासारखा जाणता इंजिनियर होता. दाते नसते तर भिंत उभी राहिली नसती आणि शेतकरी नसते तर ती कोणासाठी उभी करायची हेच ठरले नसते.

आणि नुसत्या पदव्यांचा हिशोबही ऐका. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत आकडा आला की, एकूण पिकाखालच्या क्षेत्रात ओलिताचा वाटा दहा वर्षांत जेमतेम ०.१ टक्क्याने वाढला. त्या काळात पाटबंधाऱ्यांवर सुमारे ७० हजार कोटी खर्च झाल्याचे सांगितले गेले. या कामांवर सह्या करणाऱ्यांत बिनपदवीचा कोणी नव्हता. पण न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, २०१२ साली पत्र लिहून याला तोंड फोडणारे विजय पांढरे हेही मुख्य अभियंताच होते. तेव्हा दोष पदवीचा नव्हे. काम बिघडले तर ज्याचे काहीच जात नाही, त्याच्या एकट्याच्या सहीवर ते पूर्ण ठरते, दोष याचा आहे.

आमचे म्हणणे

पदवी हिशोब सांगते, अनुभव जागा सांगतो. पण काम बरोबर झाले की नाही हे ठरवण्याचा अधिकार, ज्याचे रान त्या पाण्यावर आहे त्याच्याकडे असला पाहिजे. म्हणून जिल्हा बैठकीत आमचे तीन ठराव आहेत.

पहिला: गावातल्या पाण्याच्या कोणत्याही कामाचा आराखडा आधी ग्रामसभेत मराठीत वाचावा. पाणी कुठून येते, किती दिवस वाहते आणि फुटले तर कोणाचे रान जाते, या तीन प्रश्नांची गावकऱ्यांची उत्तरे आराखड्याला जोडावीत.

दुसरा: पूर्णत्वाचा दाखला एक पावसाळा गेल्याशिवाय देऊ नये. बिलाचा शेवटचा हिस्सा तोवर राखून ठेवावा आणि दाखल्यावर इंजिनियरबरोबर ग्रामसभेचीही सही असावी.

तिसरा आपल्यासाठी: आपल्या पोरापोरींनी मोजमाप शिकावे. ती काही ब्रह्मविद्या नाही. २०१६ साली पानी फाउंडेशनच्या स्पर्धेत वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव तालुक्यांतले गावकरी थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणात उतार मोजायला शिकले. मनरेगातही मजूर घरातल्या मुलांना तांत्रिक काम शिकवण्याची योजना आली होती. प्रत्येक गावातून दोन मुले आणि दोन मुली अशा शिकाव्यात की, मोजमाप पुस्तक समोर आले तर त्यातली खोट बोटाने दाखवतील. कागदाला शिव्या देऊन कागद हरत नाही. तो वाचता यावा लागतो.

आमच्याकडे बरगे घालायच्या दिवशी काठावर सगळे जमतात. नकाशा समजणारा असतो आणि पाणी समजणाराही असतो. दोघे एकमेकांकडे पाहतात, मगच पहिली फळी खाचेत जाते. तुमच्या नाल्यावरही हेच व्हावे, एवढेच मागणे आहे.

– शाहूवाडी तालुक्यातील कार्यकर्ते