कंठ आणि कौल

दूरचित्रवाणीने घडविलेल्या तरुण गायकांविषयी आपल्या मराठी विभागांतून जो तुच्छतेचा सूर ऐकू येतो, तो आम्हांस मान्य नाही. 'एसेमेसवर निवडून आलेला गळा' एवढे म्हटले की आपली समीक्षा संपते. वस्तुतः ती तिथून सुरू व्हायला हवी.

अभिजीत सावंत हा मराठी तरुण मार्च २००५ मध्ये 'इंडियन आयडॉल'चा पहिला विजेता ठरला. त्याच वर्षी त्याचा हिंदी पॉप गाण्यांचा पहिला अल्बम आला, २००७ मध्ये 'जुनून' हा दुसरा. पुढे २०२४ मध्ये तो 'बिग बॉस मराठी'च्या पाचव्या पर्वात उपविजेता झाला. म्हणजे जवळपास दोन दशकांनी पुन्हा मतांच्याच दारी! लातूरच्या रोहित राऊतची वाटचाल याहून बोलकी आहे. २००८-०९ च्या 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'च्या अंतिम पाचांतला हा पोरसवदा मुलगा महाराष्ट्राच्या घराघरांत लाडका झाला. त्यालाही तरुणपणी 'इंडियन आयडॉल'च्या अकराव्या पर्वात स्पर्धक म्हणून उभे राहावे लागले. २०२० मध्ये तो तिथे दुसरा आला. एकदा लोकांनी स्वीकारलेल्या गळ्याला पुन्हा परीक्षा का द्यावी लागते?

याचे उत्तर शोधण्यास दौलताबादकरांना दूर जाण्याचे कारण नाही. हा किल्ला देवगिरी होता तेव्हा, तेराव्या शतकात, यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचला. त्यात गायकांचे पाच प्रकार सांगितले आहेत: शिक्षाकार, अनुकार, रसिक, रंजक आणि भावक. अनुकार म्हणजे दुसऱ्याच्या गायकीचे अनुकरण करणारा. शब्द आणि सूर दोन्ही रचणाऱ्या वाग्गेयकाराचा विचार त्याच ग्रंथात स्वतंत्रपणे येतो. आमचे म्हणणे असे की, या स्पर्धांनी गुणी कंठ शोधले, पण त्यांना मुख्यतः अनुकाराच्याच कसोटीवर घासले. लता, आशा, किशोर यांची गाजलेली गाणी कोण किती हुबेहूब आणि किती सफाईने गातो, यावर कौल मागितला गेला. कंठ मिळाला, त्याच्यासाठी शब्द कोणी लिहिला नाही.

हा दोष माध्यमाचा आहे, असे म्हणून सुटका नाही. आकाशवाणी हेही माध्यमच होते. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्राने आठवड्याला एक याप्रमाणे 'गीतरामायणा'ची ५६ गीते ऐकविली. गदिमांनी शब्द लिहिले, सुधीर फडक्यांनी चाली दिल्या, माणिक वर्मांसारख्यांनी ती गायिली. एका माध्यमाने दर आठवड्याला नवे गाणे मागितले. दुसरे दर आठवड्याला जुने गाणे मागते. फरक यंत्राचा नाही, मागणीचा आहे.

श्रोत्यांना ओळखीचेच हवे असते, असा यावर युक्तिवाद केला जातो. 'गीतरामायणा'चे पहिले गीत लागले तेव्हा ते कोणाच्या ओळखीचे होते? २०२१ मध्ये 'लिटिल चॅम्प्स' नव्या रूपात आले, तेव्हा ते जुने पाचही जण परीक्षकांच्या आसनांवर होते. ज्यांच्यासाठी नव्या चाली बांधल्या जायला हव्या होत्या, ते नव्या मुलांकडून जुन्या चाली तपासून घेऊ लागले. वर्तुळ पूर्ण झाले. त्यात कवीला जागाच उरली नाही.

म्हणून हा प्रश्न संगीताइतकाच साहित्याचाही आहे. भावगीत हा संपलेला कालखंड म्हणून अभ्यासक्रमात शिकवायचा आणि हाती ध्वनिक्षेपक असलेल्या तरुणाला नाक मुरडायचे, हे दुटप्पीपण आहे. आमची मागणी साधी आहे. अशा प्रत्येक स्पर्धेच्या अंतिम फेरीत निदान एक तरी नवे मराठी गीत असावे, हयात कवीचे आणि नव्या चालीचे. वाहिन्यांना हे पटो न पटो, महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांतून याची सुरुवात करण्यास कोणाच्या परवानगीची आवश्यकता आहे?