सोसायटीच्या दप्तराची किल्ली

पूर्वीं सोसायटीचें दप्तर लांकडी कपाटांत असे आणि किल्ली सेक्रेटरीच्या कमरेला. खतावणी पाहावयाची झाल्यास त्यास हांक मारावी लागे. आतां आपल्या परभणी जिल्ह्यांत ज्या सोसायट्यांनीं दोनतीन संगणक घेऊन ते परस्परांस जोडले आहेत, तेथें दप्तर एका सामाईक फोल्डरांत असतें आणि तो फोल्डर बहुधा सर्वांस सताड उघडा असतो. सन २०२२ मध्यें केंद्र सरकारनें सुमारें ६३,००० प्राथमिक संस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, हें चांगलेंच झालें. तथापि त्या प्रणालीबाहेरच्या कितीतरी याद्या कचेरी आपल्या सोयीनें या फोल्डरांतच ठेविते. आमचें म्हणणें त्याविषयीं आहे.

आमच्या पाहण्यांतील एका सोसायटींत, नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं, पीककर्जाची यादी गोदामाच्या संगणकावर कोणीं तरी उघडली व नांवें वर्णानुक्रमानें लावलीं. हललीं तीं केवळ नांवें. पुढील रकमा जागच्या जागीं राहिल्या आणि यादी तशीच जतन झाली. दोन एकरांच्या धन्यासमोर बागाईतदाराचें कर्ज उभें राहिलें, तेव्हां बोभाटा झाला. तिन्ही संगणकांस एकच पासवर्ड, तोही पडद्याच्या कडेला चिठ्ठीवर लिहिलेला! संशय अर्थातच नुकत्याच काम सोडून गेलेल्या एका पोरावर गेला. वस्तुतः गोदामांत ती यादी खत देण्याच्या वेळीं पाहण्यापुरतीच हवी होती. तेथून तींत लिहिण्याचा अधिकार कोणीं व कशास दिला?

कायद्यानें हा भेद केव्हांच केलेला आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ अन्वयें सभासदास ताळेबंद व सभांचीं इतिवृत्तें पाहतां येतात. वह्यांतील व्यवहार मात्र स्वतःचे तेवढेच. शेजाऱ्याची थकबाकी पाहण्याचा अधिकार जेथें सभासदासही नाहीं, तेथें ती कचेरींत सहज डोकावलेल्या कोणासही पडद्यावर दिसावी काय?

उपाय संगणकांतच आहे व त्यास निराळा पैसा पडत नाहीं. वाड्यास जसा दिंडी-दरवाजा व आंत कोठीचें कुलूप, तसे विंडोज प्रणालींत दोन अडसर आहेत: एक फोल्डर वाटतांना द्यावयाची परवानगी, दुसरी प्रत्यक्ष फाईलीवरील परवानगी. दुसऱ्या संगणकावरून येणाऱ्यास या दोहोंतील जी अधिक कडक ती लागू होते. त्याच संगणकापुढें बसलेल्यास मात्र दुसरीच तेवढी. म्हणून केवळ दरवाजा लावून निश्चिंत होऊं नये. प्रत्येकास स्वतःचें नांव व पासवर्ड असावा; सरसकट सर्वांस दिलेली परवानगी काढावी; गोदामपालास साठ्याच्या यादींत लिहितां यावें, कर्जाची यादी केवळ वाचतां यावी; काम सोडून जाणाऱ्याचें नांव त्याच दिवशीं बंद व्हावें. कोणीं काय बदललें याची नोंद ठेवण्याचीही सोय आहे, परंतु ती मुद्दाम चालू करावी लागते.

धोका केवळ घरचाच नाहीं. मे २०१७ मध्यें वॉनाक्राय हा संगणकांचा विषाणू फाईली वाटण्याच्या व्यवस्थेंतील एका छिद्रांतून जगभर पसरला. छिद्र बुजविणारी दुरुस्ती दोन महिने आधींच निघाली होती. पुढच्याच महिन्यांत नॉटपेट्यानें जवाहरलाल नेहरू बंदरांतील एका टर्मिनलाचें काम बंद पाडलें. फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारे असे विषाणू, ज्याच्या नांवानें शिरतात त्यास जेथें लिहितां येतें, तेथपर्यंत सर्व नासवितात. यासाठीं दप्तराची एक नक्कल संगणकापासून सोडविलेल्या डिस्कवर निराळी ठेवावीच.

यावर सेक्रेटरी मंडळी म्हणतात, आमचा एकमेकांवर विश्वास आहे. असेल. पण वरील प्रसंगीं त्या विश्वासाचा उपयोग कोणास झाला? प्रत्येकाचें नांव निराळें असतें आणि बदलांची नोंद चालू असती, तर त्या पोराचें निरपराधित्व एका दिवसांत ठरलें असतें. येत्या वार्षिक सभेंत लाभांशाची चर्चा होईलच. तिच्याबरोबर कोणत्या फोल्डरांत कोणास लिहितां येतें याची यादी सभासदांनीं मागावी व ती इतिवृत्तांत नोंदवून घ्यावी.